राउटिंग इंटरफेसचे नामकरण आणि मांडणी : नांदेड-लातूरच्या उदाहरणाने

मॅनेज्ड स्विचवरील 'राउटिंग इंटरफेस' म्हणजे एका उपजाळ्यातून दुसऱ्या उपजाळ्यात जाण्याचे अधिकृत दार. साधा स्विच एकाच गावात टपाल वाटणाऱ्या पोस्टमनसारखा असतो. गावाबाहेरचे पत्र त्याच्या आवाक्यात येत नाही. 'लेअर-३' म्हणून ओळखला जाणारा स्विच मात्र प्रत्येक उपजाळ्याला एक वेस बांधून देतो. परीक्षा विभागातील संगणकाला ग्रंथालयाच्या सर्व्हरपर्यंत जायचे असेल, तर त्याचे पॅकेट प्रथम आपल्या वेशीवर येते, तेथे त्याचा मार्ग ठरतो आणि मग ते दुसऱ्या वेशीतून आत शिरते. ही वेस म्हणजेच राउटिंग इंटरफेस. तिला नाव असते, आयपी पत्ता असतो आणि ती उघडी आहे की बंद, अशी एक अवस्था असते. पत्ता चुकला तर दोष त्याच दिवशी उघड होतो. नाव मोघम राहिले तर त्या दिवशी काहीच बिघडत नाही. बिघडते ते दोन वर्षांनी, एखाद्या परीक्षेच्या सकाळी, आणि तेही दुसऱ्याच माणसाच्या हातून.

हा विषय समजून घेण्यासाठी नांदेड आणि लातूर ही जोडी सोयीची आहे. मराठवाडा विद्यापीठाचे विभाजन होऊन १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. त्याचे मुख्यालय नांदेडजवळ विष्णुपुरी येथे आहे, तर एक उपपरिसर लातूरला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००२ मध्ये 'यूजीसी-इन्फोनेट' योजना सुरू केली आणि २०१० मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय ज्ञान जालास मंजुरी दिली. तेव्हापासून देशातील विद्यापीठांच्या आवारात फायबर पोहोचू लागले आणि आवारातील स्विचचे काम वाढले. पुढे दिलेला आराखडा या विद्यापीठाच्या प्रत्यक्ष जाळ्याचे वर्णन नव्हे. एक आवार नांदेडला आणि दुसरे लातूरला असलेल्या कोणत्याही संस्थेला, मग ते महाविद्यालय असो, सहकारी बँक असो वा शिकवणी वर्ग, उपयोगी पडेल असा तो नमुना आहे.

दोन्ही शहरांत लोहा, अहमदपूर, चाकूरमार्गे सुमारे १४० किलोमीटरचे अंतर आहे. अशा संस्थेत जाणकार व्यवस्थापक बहुधा एकच असतो आणि तो मुख्यालयी बसतो. दुसऱ्या गावी रॅकसमोर उभा असतो तो प्रयोगशाळा सहायक किंवा कंत्राटी तंत्रज्ञ. दोघांमध्ये केवळ दूरध्वनी असतो. "सर, इथे 'न्यू' आणि 'न्यू-टू' असे दोन दिसतायत. कोणता बंद करू?" या प्रश्नाला नांदेडहून उत्तर देता येत नसेल, तर दोष लातूरच्या माणसाचा नाही. सकाळी दहाचा पेपर आहे, प्रश्नपत्रिका महाजालावरून केंद्रावर उतरवायची आहे (अनेक विद्यापीठांनी ही पद्धत आता स्वीकारली आहे), आणि घड्याळात साडेनऊ वाजले आहेत. अशा वेळी 'न्यू' या शब्दाचा अर्थ ज्याला ठाऊक होता, तो नोकरी सोडून पुण्याला गेलेला असतो.

इंटरफेसला खरे तर दोन नावे असतात. पहिले स्विच स्वतः देतो, दुसरे माणूस. शेताला सातबाऱ्यावर गट क्रमांक असतो आणि घरात त्याच शेताला 'विहिरीचा मळा' म्हणतात, तसाच हा प्रकार. सिस्कोच्या स्विचवर 'गिगाबिटइथरनेट १/०/२४' असे लिहिलेले दिसते, तेव्हा पहिला आकडा एकावर एक जोडलेल्या स्विचपैकी कितवा हे सांगतो, दुसरा मॉड्यूल आणि तिसरा पोर्ट. उपजाळ्याच्या वेशीला तेथे 'इंटरफेस व्हीलॅन २०' म्हणतात. हुआवेच्या स्विचवर तीच 'व्हीलॅनिफ २०' होते, ज्युनिपरवर 'आयआरबी.२०'. एचपीच्या जुन्या प्रोकर्व्ह स्विचमध्ये वेगळी इंटरफेस-आज्ञा नसते. व्हीलॅनच्या आतच पत्ता लिहितात. डी-लिंकच्या जुन्या लेअर-३ मालिकेत तर इंटरफेसचे नाव आपणच ठेवायचे असते आणि त्यासाठी अवघी १२ अक्षरे मिळतात. कारखान्यातून आलेल्या इंटरफेसचे नाव तेथे 'सिस्टिम' असते. आपल्याकडे निविदेत ज्याचा दर कमी त्याचा स्विच येतो. त्यामुळे पाच वर्षांत एका रॅकमध्ये तीन कंपन्यांचे स्विच जमा होणे हे नित्याचे आहे. नावाची पद्धत ठरवताना कंपनीवर विसंबून राहता येत नाही, ते यामुळेच.

स्विचने दिलेले नाव पक्के असते, असेही समजू नये. जोडीतील एक स्विच जळाला आणि बदली स्विचला दुसरा क्रमांक मिळाला, की '१/०/२४' चे '२/०/२४' होते. त्याहून फसवा आहे तो इंटरफेसचा अंतर्गत अनुक्रमांक, ज्याला 'इफ-इंडेक्स' म्हणतात. एमआरटीजीसारखी वाहतूक मोजणारी साधने बहुधा याच क्रमांकावर आलेख काढतात. अनेक स्विचवर वीज जाऊन आल्यानंतर हा क्रमांक बदलू शकतो. मग ग्रंथालयाच्या आलेखात वसतिगृहाची वाहतूक दिसू लागते आणि पुस्तके वाचणाऱ्यांची संख्या रात्री अकरानंतर एकाएकी वाढल्याचा आनंद संस्थेला होतो. सिस्कोच्या स्विचवर हा क्रमांक कायम ठेवण्यासाठी वेगळी आज्ञा द्यावी लागते. जून २००० मधील आरएफसी २८६३ या दस्तऐवजाने माणसाने दिलेल्या नावासाठी 'इफ-अलायस' नावाची स्वतंत्र जागा ठरवून दिली आहे. तिची मर्यादा ६४ अक्षरांची. आपण स्विचवर 'डिस्क्रिप्शन' म्हणून जे लिहितो, तेच या जागेतून देखरेखीच्या साधनांना दिसते. म्हणून वर्णन ६४ अक्षरांत बसवावे, आणि महत्त्वाचा शब्द आधी लिहावा.

मराठी माणसासाठी यात एक खास अडचण आहे. स्विच नावासाठी रोमन अक्षरेच मागतो आणि मराठी नावांचे रोमन लेखन एकाचे एकासारखे नसते. 'विष्णुपुरी' कोणी 'व्ही'ने लिहितो, कोणी 'डब्ल्यू'ने. 'ग्रंथालय'च्या शेवटी 'ए' लावायचा की नाही, यावर दोन लिपिकांचे एकमत होत नाही. 'वसतिगृह' तर पाच प्रकारे लिहिलेले आढळते. संगणकाच्या दृष्टीने ही सारी वेगवेगळी नावे ठरतात आणि शोध घेताना अर्धी हाती लागत नाहीत. लांब नावांऐवजी ठरलेली संक्षिप्त रूपे वापरणे हाच यावर उपाय. ती नव्याने शोधून काढण्याची गरजही नाही, कारण रेल्वेने ती केव्हाच दिली आहेत : नांदेडसाठी 'एनईडी', लातूरसाठी 'एलयूआर'. नांदेड स्थानकाचे नाव हुजूर साहिब नांदेड झाले तरी त्याचा संकेत 'एनईडी'च राहिला. नामकरणाच्या पद्धतीत नेमके हेच साधायचे असते. ओळख एका ठिकाणी आणि वर्णन दुसऱ्या ठिकाणी ठेवले, तर वर्णन बदलताना ओळखीला धक्का लागत नाही.

आकड्यांसाठीही घरचाच आधार घेता येतो. वाहनांच्या नोंदणीत नांदेडचा क्रमांक २६ आणि लातूरचा २४, हे या भागातील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. फेब्रुवारी १९९६ च्या आरएफसी १९१८ ने खासगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेल्या पत्त्यांत १० ने सुरू होणारा संपूर्ण गट आहे. त्यातील '१०.२६' नांदेडला द्यावा आणि '१०.२४' लातूरला. पुढे परभणीला शाखा निघाली तर २२, हिंगोलीला निघाली तर ३८ हे आकडे तयारच आहेत. तिसऱ्या जागी व्हीलॅनचा क्रमांक लिहायचा : प्रशासन १०, परीक्षा २०, ग्रंथालय ३०, वसतिगृह ४०, कॅमेरे ६०, स्विचचे व्यवस्थापन ९९. वेशीचा पत्ता नेहमी १. आता '१०.२४.२०.१' हा पत्ता कानावर पडताच 'लातूर, परीक्षा, वेस' एवढे कळते; वही उघडावी लागत नाही. ८०२.१क्यू या मानकानुसार व्हीलॅनचे क्रमांक ४०९४ पर्यंत जाऊ शकतात, पण पत्त्यातील एका जागेत २५५ पेक्षा मोठा आकडा मावत नाही. या योजनेत राहायचे तर व्हीलॅनचे क्रमांकही २५५ च्या आतच ठेवावे लागतात. दोन जिल्ह्यांच्या संस्थेला ते पुरून उरतात.

नांदेडचा व्हीलॅन २० आणि लातूरचा व्हीलॅन २० यांचे आडनाव एक असले तरी घरे वेगळी आहेत, हे मात्र लक्षात ठेवायला हवे. दोन्ही मिळून एकच उपजाळे करण्याचा मोह काहींना होतो. तसे केल्यास लातूरच्या एखाद्या खोलीत केबलचे दोन्ही टोक चुकून एकाच स्विचमध्ये खोचले गेले, तर उठणारे वादळ नांदेडपर्यंत येऊ शकते. मधली जोडणी राउटिंगचीच असावी.

आता प्रत्यक्ष मांडणीकडे वळू. आज्ञा स्विचवर अर्थातच रोमन लिपीत टंकायच्या असतात. येथे सिस्कोच्या धर्तीवरील आज्ञांचे उच्चार तेवढे दिले आहेत. नांदेडच्या मुख्य स्विचवर परीक्षा विभागाची वेस अशी उभी राहते :

आयपी राउटिंग
व्हीलॅन २०
नेम एनईडी-एक्झाम
इंटरफेस व्हीलॅन २०
डिस्क्रिप्शन एनईडी-एक्झाम गेटवे, परीक्षा भवन तळमजला
आयपी ॲड्रेस १०.२६.२०.१ २५५.२५५.२५५.०
नो शटडाउन

पहिली ओळ विसरणे ही सर्वांत सर्रास होणारी गोष्ट. अनेक स्विचवर राउटिंग मुळात बंद असते. ते सुरू केल्याखेरीज वेशी उभ्या राहतात, पण एका वेशीतून दुसरीकडे कोणी जाऊ शकत नाही. व्हीलॅनचे 'नेम' ३२ अक्षरांपर्यंत चालते. ते लहान आणि स्थिर ठेवावे, इमारत वा मजला यांसारखे बदलू शकणारे तपशील 'डिस्क्रिप्शन'मध्ये लिहावेत. व्यक्तीचे नाव तर कोठेही नको. 'पाटील सर केबिन' असे वर्णन असलेला पोर्ट सरांच्या बदलीनंतर कोणाच्या टेबलाखाली जातो, हे स्विचला कळत नाही आणि नव्या तंत्रज्ञाला तर त्याहून नाही.

एवढे करूनही 'शो आयपी इंटरफेस ब्रीफ' या आज्ञेच्या उत्तरात वेस 'डाउन' दिसली, तर पत्ता पुन्हापुन्हा तपासण्यात वेळ दवडू नये. वेस उघडण्यासाठी दोन अटी असतात. तो व्हीलॅन स्विचवर प्रत्यक्ष निर्माण केलेला असावा लागतो. नुसते 'इंटरफेस व्हीलॅन २०' लिहिले की इंटरफेस यादीत येतो, पण निर्जीव राहतो. शिवाय त्या व्हीलॅनचा निदान एक पोर्ट चालू असावा लागतो. सुटीच्या दिवशी परीक्षा विभागातील सारे संगणक बंद असतील आणि ते थेट याच स्विचला जोडलेले असतील, तर वेसही बंद दिसते. तो दोष नाही.

ट्रंक-पोर्टवर मात्र खरा धोका आहे. दोन स्विचमधील ज्या जोडणीवरून अनेक व्हीलॅन जातात, तेथे नवा व्हीलॅन जोडताना 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ॲड ६०' असे लिहावे लागते. यातील 'ॲड' हा शब्द गाळला, तर जुनी यादी पुसून केवळ ६० उरतो. कॅमेरे सुरू होतात आणि परीक्षा, प्रशासन, ग्रंथालय एका क्षणात बंद पडतात. तीन अक्षरी शब्दाची एवढी किंमत दुसरीकडे क्वचितच मोजावी लागते.

राउटिंग सुरू झाले की आणखी एक गोष्ट घडते आणि ती पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. व्हीलॅन पाडून वेगळे केलेले विभाग वेशी उघडताच पुन्हा एकमेकांना दिसू लागतात. वसतिगृहातील संगणकावरून परीक्षा विभागाच्या सर्व्हरला हाक मारली, तर उत्तर येते. म्हणून वेस बांधल्याबरोबर तिच्यावर पहारा, म्हणजे ॲक्सेस लिस्ट, बसवावी लागते. तिलाही नाव द्यावे : '१०१' या नुसत्या आकड्यापेक्षा 'हॉस्टेल-इन' हे नाव कोणालाही वाचता येते. येथील 'इन' म्हणजे वसतिगृहात जाणारे नव्हे. वसतिगृहाच्या संगणकांकडून स्विचमध्ये येणारे. दिशा नेहमी स्विचच्या बाजूने मोजतात. ही गल्लत झाली, की यादी अचूक असूनही पहारा उलट्या दारावर उभा राहतो. यादीच्या शेवटी न लिहिलेली एक ओळ असते, 'उरलेले सारे नाकारा'. परीक्षा विभाग रोखून बाकीची वाट मोकळी ठेवायची असेल, तर तसे स्पष्ट लिहावे लागते. अन्यथा वसतिगृहाचे महाजालही बंद होते आणि तक्रार अर्ध्या तासात कुलसचिवांच्या टेबलावर येते.

राहिली नांदेड-लातूर जोडणी. भाड्याच्या लाइनचे टोक ज्या पोर्टवर येते तो पोर्ट 'नो स्विचपोर्ट' या आज्ञेने थेट राउटिंगचा करता येतो. त्याला व्हीलॅन लागत नाही. दोनच टोके असल्याने चार पत्त्यांचा लहानसा गट पुरतो. नांदेडच्या बाजूला १०.२५५.०.१ आणि लातूरला १०.२५५.०.२, मास्क २५५.२५५.२५५.२५२. या पोर्टचे वर्णन इतरांपेक्षा भरगच्च असावे : पलीकडचा स्विच, पलीकडचा पोर्ट, सेवा देणारी कंपनी आणि तिचा सर्किट क्रमांक. रात्री लाइन तुटल्यावर तक्रार नोंदवताना पहिला प्रश्न सर्किट क्रमांकाचाच येतो आणि त्या वेळी ती फाइल लेखा विभागाच्या कुलूपबंद कपाटात असते.

पत्त्यांची आखणी नीट केल्याचा लाभ येथे मिळतो. नांदेडच्या स्विचला लातूरचा सारा मुलूख एका ओळीत सांगता येतो : 'आयपी राउट १०.२४.०.० २५५.२५५.०.० १०.२५५.०.२'. लातूरला उद्या दहा नवे व्हीलॅन पाडले तरी नांदेडला काहीही बदलावे लागत नाही. लातूरच्या स्विचवर अशीच उलटी ओळ हवी. ती नसेल तर नांदेडहून निघालेले पॅकेट लातूरला पोहोचते, परंतु उत्तराला परतीची वाट सापडत नाही, आणि बाहेरून पाहणाऱ्याला लाइनच बंद असल्यासारखे वाटते. प्रत्येक स्विचला याशिवाय एक 'लूपबॅक' इंटरफेस द्यावा. तो कोणत्याही तारेला बांधलेला नसतो, त्यामुळे एखादा पोर्ट पडला तरी तो पडत नाही. नांदेडला १०.२५५.२५५.२६ आणि लातूरला १०.२५५.२५५.२४ असे पत्ते दिले, की वाहन क्रमांकाची खूण तेथेही टिकते. मात्र हे पत्ते वरच्या एका ओळीत येत नाहीत. त्यांच्यासाठी दोन्हीकडे एकेक ओळ जास्तीची लिहावी लागते. देखरेखीच्या साधनात मग हाच पत्ता नोंदवावा.

नांदेडला बसून लातूरच्या स्विचवर बदल करणे ही मात्र वेगळीच कला आहे. ज्या वाटेने आपण आत शिरलो त्याच वाटेचा इंटरफेस चुकून बंद केला, तर पुढची आज्ञा देण्यासाठी एसटी पकडावी लागते. यावर एक जुनी आणि खात्रीची युक्ती आहे. बदलाआधी 'रीलोड इन १०' ही आज्ञा द्यायची. दहा मिनिटांत आपण ती रद्द केली नाही, तर स्विच आपोआप पुन्हा सुरू होतो आणि जतन केलेली जुनी मांडणी घेऊन उभा राहतो. बदल सुरळीत झाला तर 'रीलोड कॅन्सल' आणि मगच 'राइट मेमरी'. हा क्रम उलटा करू नये. आधी जतन केले तर स्विच चुकीच्याच मांडणीसह परत येईल. ज्युनिपरमध्ये 'कमिट कन्फर्म्ड' ही आज्ञा पुन्हा सुरू न होताही हेच काम करते. 'राइट मेमरी' विसरण्याची सवय भारनियमनाच्या वर्षांत मराठवाड्याला फार महाग पडण्यासारखी होती : दुपारी केलेला बदल संध्याकाळी वीज जाताच नाहीसा. आजही मे महिन्यातल्या वळिवाच्या पावसात तसे घडू शकते.

पूर्वीच्या माणसाने ठेवलेली मोघम नावे सुधारताना मात्र इतकी धास्ती बाळगण्याचे कारण नाही. 'डिस्क्रिप्शन' बदलल्याने वाहतूक क्षणभरही थांबत नाही. ते काम भर दुपारीही करता येते. ज्या स्विचवर इंटरफेसचे नाव हीच त्याची मूळ ओळख आहे, तेथे वेस पाडून नव्याने बांधावी लागते आणि त्यासाठी रविवारची सकाळ बघावी. 'न्यू', 'न्यू-टू' आणि 'टेस्ट' यांपासून सुरुवात करावी. प्रत्येकामागे कोणती खोली आहे हे लातूरच्या सहायकाकडून दूरध्वनीवर विचारून घ्यायचे, त्याने तार हातात धरून सांगायचे आणि नांदेडच्या माणसाने लिहीत जायचे. चोवीस पोर्टच्या एका स्विचला यासाठी एक दुपार पुरते.